रिकाम्या खुर्चीला झेंडूचा हार

"घर कसलंही असू द्या, माझ्यासमोर अर्धा तास बसलं की बोलायलाच लागतं," कनेरगाव नाक्यावरच्या हॉटेलात चहाचा दुसरा कप मागवत धम्मदीप म्हणाला. "आजवर अकरा कुटुंबं केली. एक बी हातचं गेलं न्हाई. आज बारावं."

कढईपाशी उभा असलेला हॉटेलवाला भजी उलटवत होता. "बारावं कोणाचं?"

"आत बाभूळखेड्याच्या किसनरावांचं. सोपं हाये. बाप-लेकाचं वरीसभर बोलणं न्हाई, बाकी सगळं बेस. पोरगं म्हणे लय आडमुठं हाये. पण असले आडमुठे मी खूप पाहिले. आज समोर आलं की पाचव्या मिनिटाला बापाच्या पाया पडते का न्हाई, पाहा."

हॉटेलवाल्यानं झारा वर धरून तेल निथळू दिलं.

"ते पोरगं मीच," तो म्हणाला. "मी येऊन न्हाई राहिलो. आणखी एक चहा देऊ का?"

धम्मदीपला चहा गोड लागेना. दुसऱ्याच्या घरातलं तिसऱ्याला सांगायचं नसतं, हा त्याच्या शिक्षणातला पहिला धडा, आणि त्यानं तो नेमक्या त्याच घरच्या माणसाला भज्याबरोबर वाढला होता.

"पण तुमच्या बहीण साधनाताई तर म्हणल्या, दादा येतो म्हणाला."

"साधना असंच म्हणते. बाबा ये म्हणून राहिले, असं मला बी म्हणते. मंग फोन काहून करत न्हाईत ते?" हॉटेलवाल्यानं, म्हणजे स्वप्निलनं, भजी कागदावर ओतली. "त्यायला सांगा, ट्रॅक्टर सरळ चालवत जा म्हणावं."

आता धम्मदीप कोण, ते सांगून टाकू. कळमनुरीच्या लक्ष्मीबाईचा हा लेक समाजकार्य शिकला आणि पीएचडीला लागला. विषय होता कुटुंबस्वास्थ्य. दुखणं मनाचं असलं तर एकट्या माणसाला धरून भागत नाही, अख्खं घर समोर बसवून बोलतं करायचं, असा त्यातला मुद्दा. आणि हिंगोली जिल्ह्यातल्या बारा घरांत ते कसं जमतं, ते पाहायचं होतं. लक्ष्मीबाईनं गल्लीत पोरगं डॉक्टर होऊन राहिलं एवढंच सांगितलेलं. त्यामुळे तो घरी आला की दोघं-तिघं गुडघे दाखवायला बसलेले असत.

अकरा घरं झाली होती हे खरं. पण 'घरात सुख किती, दहापैकी सांगा' हा प्रश्न आला की सगळी घरं परीक्षेला बसल्यासारखी करायची. दहापैकी नऊच्या खाली कोणी उतरेना. एका घरचे दोघं भाऊ दाराशी काठ्या ठेवून आत आले, साडेनऊ मार्क देऊन बाहेर पडले आणि आपापली काठी उचलून पुन्हा सुरू झाले. गाईड मॅडमनी आकडे पाहून विचारलं होतं, "धम्मदीप, तू हिंगोलीतच गेला होतास ना?"

सोमवारी विद्यापीठात दाखवायचं होतं. बारावं घर हवं होतं आणि त्याचं शेवटचं सेशन हवं होतं: घरातली सगळी माणसं एका ठिकाणी, सलग चाळीस मिनिटं, आवाजाच्या रेकॉर्डिंगसकट. नाही जमलं, तर पुढच्या साली नवी बारा घरं, पहिल्यापासून. आज शनिवार होता.

त्यानं नाक्यावरूनच मॅडमना फोन लावला.

"गैरहजर माणसासाठी रिकामी खुर्ची ठेव," मॅडम म्हणाल्या. "घरच्यांना खुर्चीकडे बघून बोलायला लाव. मनातलं बाहेर येतं. पण लक्षात ठेव, खुर्ची म्हणजे मुलगा नव्हे. मला चौघंही हवेत."

"आणतो मॅडम," धम्मदीप म्हणाला. सवय जात नाही.

बाभूळखेडं नाक्यापासून सहा किलोमीटर आत. किसनरावांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता, आणि तीनच दिवसांपूर्वी दसरा झालेला, तर त्याच्या नाकावर झेंडूचा हार अजून टवटवीत होता. ट्रॅक्टरच्या मागं गोठ्याची भिंत. भिंतीत मधोमध एक नव्या सिमेंटचं ठिगळ. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला पूजा झाल्यावर किसनरावांनी पाहुण्यांसमोर ट्रॅक्टर मागं घेतला होता आणि भिंतीतून आरपार नेला होता. तेव्हा स्वप्निल सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, तुमाला रिव्हर्स येत न्हाई, तर काहून घेता?" पाहुणे हसले. म्हैस हसली नाही, कारण ती भिंतीच्या पलीकडं होती. त्या दिवसापासून बाप-लेकात अबोला. स्वप्निल नाक्यावर हॉटेल टाकून तिथंच राहिला, आणि किसनराव वर्षभर ट्रॅक्टर फक्त पुढं चालवत होते. घरी यायचं तर गावाला वळसा घालून.

धम्मदीपनं सावली बघून मोटरसायकल ट्रॅक्टरमागं, त्या भिंतीला लावली.

घरात किसनराव, त्यांची बायको शालूबाई आणि हिंगोलीला कॉलेजात जाणारी लेक साधना, तिघं बसलेली. त्यानं खिशातून विद्यापीठाचा चपटा रेकॉर्डर काढून स्टुलावर ठेवला, बटण दाबलं, तांबडा दिवा लागला.

"आधी मार्क सांगा. घरात सुख किती, दहापैकी?"

किसनरावांनी शेजारच्या घराकडं मान केली. "भिकाबाईनं किती दिले?"

"ते सांगता येत न्हाई काका. गुपित राहते."

"मंग तिच्याहून अर्धा जास्ती लिहा."

"दादा यायला निघाला का सर?" साधनानं विचारलं, आणि धम्मदीपनं घसा खाकरून रिकाम्या खुर्चीची पद्धत समजावली. साधनानं लाल प्लास्टिकची खुर्ची मधोमध आणून ठेवली. शालूबाई त्या खुर्चीकडं बघत राहिल्या.

"रिकामी खुर्ची बरी न्हाई दिसत सर. ह्याचा फोटो ठेवू का?"

"ठेवा की. चांगलंच हाये."

तालुक्याच्या कबड्डीत जिंकला तेव्हाचा स्वप्निलचा मोठा फ्रेम केलेला फोटो त्यांनी भिंतीवरून काढला, पदरानं पुसला आणि खुर्चीवर टेकवला. दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. बोडका वाटला. सर आता मोबाईलवर खुर्चीचा फोटो काढणार, तो विद्यापीठात जाणार, मोठमोठी माणसं पाहणार. त्या अंगणात गेल्या, ट्रॅक्टरचा हार उतरवून आणला आणि पोराच्या फोटोला घातला.

"आई, हार?" साधना म्हणाली.

"ट्रॅक्टरला चालते, मंग लेकराला काहून न्हाई?"

धम्मदीपनं मान वर केली असती तर त्याला काहीतरी सुचलं असतं, पण तो फाईलमध्ये पुढची पायरी शोधत होता. गोठा जवळ म्हणून माश्या फार. झेंडूवर त्या आणखीच बसायला लागल्या, तर साधनानं दोन उदबत्त्या पेटवल्या, अर्ध्या केळात खोचल्या आणि खुर्चीच्या पायाशी ठेवल्या.

"आता खुर्चीकडं पाहून मनातलं बोला," धम्मदीप म्हणाला. "लाजायचं न्हाई. मोकळं व्हायचं."

शालूबाईंचं वर्षभर मोकळं व्हायचं राहिलं होतं. त्यांनी फोटोकडं पाहिलं, आणि जो सूर लावला तो चार घरं पलीकडं गेला.

"काहून गेला रे माझ्या लेकरा. भरलं घर टाकून काहून गेला. तुझं ताट मी कोणाला वाढू रे."

किसनरावांनी मान खाली घातली. साधनानं ओढणी डोळ्याला लावली. बरोबर त्या वेळी भिकाबाई विरजण मागायला वाटी घेऊन दारात आली.

तिला काय दिसलं ते बघा. पोराचा फोटो, हार, उदबत्ती, आक्रोश, खाली मान घातलेला बाप, आणि एक इस्त्रीच्या शर्टातला अनोळखी माणूस फाईलवर लिहून राहिलेला. तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली, पदर तोंडाला लावला आणि न बोलता मागं फिरली. बाहेरचं माणूस डोकावलं म्हणून धम्मदीपनं उठून, गुपित राहावं म्हणून, दार लावून घेतलं.

आता आपल्याकडची एक रीत अशी की दुःखाच्या घरी कोणी काही विचारत नाही. यायचं, मान हलवायची, भिंतीला टेकून बसायचं. कसं झालं, कधी झालं, हे चार दिवसांनी. ही रीत चांगलीच आहे. फक्त, चुकून जिवंत माणसासाठी सुरू झाली तर तिला ब्रेक नाही.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं तर अंगण भरलेलं. खांद्यावर पांढरे रुमाल घेतलेली माणसं गोठ्याच्या भिंतीपासून ओसरीपर्यंत गप बसलेली. बाया आत येऊन शालूबाईंच्या भोवती बसल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"एवढे लोक कोणी बोलावले?" किसनरावांनी साधनाला हळूच विचारलं.

"सरांनी असतील."

धम्मदीपला वाटलं, किसनरावांनी बोलावले. त्याला फार बरं वाटलं. समाजाचा सहभाग हा रकाना अकराही घरांत कोरा राहिला होता. त्यानं डोकी मोजली, त्रेसष्ट भरली, आणि लिहून घेतली. एवढ्यात दोन घरांतून पिठलं आणि भाकरी आल्या, कारण अशा घरी चूल पेटत नाही. 'शेजाऱ्यांचा आधार: उत्तम', त्यानं पुढच्या रकान्यात लिहिलं आणि किसनरावांबरोबर जेवायला बसला. किसनरावांना सकाळपासून भूक होतीच.

गावचे जुने पोलीस पाटील शंकरसिंग त्याच्या शेजारी येऊन टेकले. जेवणारा बाप पाहून त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता, पण दुःखात माणूस काहीही करतो, हे त्यांनी पाहिलेलं.

"कधी येईल?" त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"स्वप्निल? सकाळी भेटला मला. येत न्हाई म्हणाला," धम्मदीप म्हणाला. "पण आणायचाच हाये आज."

शंकरसिंग त्याच्याकडं बघत राहिले. "गाडी सांगितली का?"

"गाडी कशाला काका? मोटरसायकलवर येईल की."

शंकरसिंग उठले आणि जरा लांब जाऊन बसले. लिहिणाऱ्या माणसाच्याही डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांनी बाजूच्याला सांगितलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बोटानं टाकलं: 'किसनरावच्या घरी दुःखद घटना. सगळ्यांनी यावे.' नाव टाकलं नाही. मेलेल्याचं नाव लगेच लिहू नये, असं त्यांचं मत होतं.

तो मेसेज नाक्यावर भजी तळणाऱ्या स्वप्निलनंही वाचला. किसनरावच्या घरी. त्यानं फोन खिशात टाकला आणि गिऱ्हाईक, कढई, पेटता गॅस, सगळं तिथंच सोडून मोटरसायकलला किक मारली.

अंगणात गाडी थांबली आणि कोणीतरी "अगं माय" म्हणून खाली बसलं. ती भिकाबाई होती. त्रेसष्ट माणसांनी वाट करून दिली, म्हणजे जरा जास्तच लांब सरकली. स्वप्निल कोणाकडं न बघता आत शिरला. हातात झारा तसाच.

"बाबा," तो म्हणाला.

किसनरावांनी पिठल्यात बुडवलेला घास वर धरला होता. "काय झालं?"

"तुमी बरे हाव?"

"मला काय धाड भरली? झारा काहून आणला?"

स्वप्निल भिंतीला टेकला. मग त्याला समोर खुर्ची दिसली. त्यानं फोटो पाहिला, हार पाहिला, केळातली उदबत्ती पाहिली.

"आई, हे मी हावो का?"

"सरांनी ठेवायला लावलं," शालूबाई म्हणाल्या. आणि मग भोवतीच्या बायांकडं, अंगणातल्या रुमालांकडं, पिठल्याच्या पातेल्याकडं पाहून त्यांना एकदम सगळं समजलं. सगळ्यांनाच समजलं. त्रेसष्ट माणसं वळून धम्मदीपकडं बघायला लागली.

धम्मदीपची मान जरा उशिरा, पण वर आली. अशा वेळी शहाणा माणूस मागच्या दारानं निघतो. पण त्याची नजर आधी स्टुलावर गेली. रेकॉर्डरचा तांबडा दिवा चालू होता. खोलीत आई, बाप, पोरगा, लेक, चौघंही.

"बसा," तो स्वप्निलला म्हणाला. "फोटो उचला आन बसा."

स्वप्निलनं फोटो मांडीवर घेतला आणि खुर्चीत बसला. हार काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मी जिता होतो तवा आला न्हाई," किसनराव म्हणाले. "मेलो म्हणल्यावर पळत आला."

"तुमी एक फोन केला असता तर चालत आलो असतो."

"तूच येतो येतो म्हणून राहिला ना वर्षभर? दर रविवारी तुझी वाट पाहू का मी?"

"मी कधी म्हणलो येतो?"

"साधना म्हणली."

"आन तुमी ये म्हणून राहिले, असं मला बी साधनाच म्हणली."

साधना केळातली उदबत्ती सरळ करत होती. सगळी तिच्याकडं वळली, तसं तिला बोलावं लागलं.

"बाबा म्हणायचे, त्याला म्हणावं उंबऱ्याला पाय लावू नको. मी दादाला सांगायची, बाबा ये म्हणतात. दादा म्हणायचा, बापाला म्हणावं भिंती मोज. मी बाबाला सांगायची, दादा येतो म्हणतो." तिनं राख झटकली. "मला वाटलं दोघातला एक तर लाजून उठेल. दोघं बी कोडगे निघाले."

अंगणातून शंकरसिंगांचा आवाज आला, "बराबर बोलली पोरगी." आलोच आहे तर पूर्ण बघून जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्यामागं दारात पंधरा-वीस डोकी.

किसनरावांनी हात धुतले. बराच वेळ धुतले.

"मला रिव्हर्स येत न्हाई," ते म्हणाले. "कधीच येत नव्हता. तू लहान होता तवा बी मी गावाला वळसाच घालत होतो. लोकायला वाटायचं, किसनराव रानाकडं चक्कर मारून येतात."

एवढ्या माणसांत कोणी हसलं नाही. स्वप्निल तर अजिबात नाही. तो फोटोतल्या स्वतःकडं बघत होता.

"मी पाहुण्यांसमोर बोलायला नव्हतं पाहिजे," तो म्हणाला.

शालूबाईंनी उठून पहिल्यांदा त्याच्या हातातला झारा घेतला, मग पातेल्यातलं उरलेलं पिठलं ताटात वाढलं. तो हार घातलेल्या फोटोसकट जेवला. धम्मदीपनं घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं कधीच होऊन गेली होती.

"आता मार्क सांगा काका. दहापैकी."

किसनरावांनी या वेळी शेजारच्या घराकडं पाहिलं नाही. पोराकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, बायकोकडं जरा घाबरून पाहिलं.

"साडेसहा."

"कमी झाले की सर," साधना म्हणाली.

धम्मदीपला मात्र उठून नाचावं वाटत होतं. बारा घरांत हा पहिला खरा आकडा होता. बाहेर शंकरसिंग म्हणाले, "आमच्या घरचे बी मोजा एकदा. पण बायको माहेरी गेल्यावर."

"चला बाबा," स्वप्निल ताटातून उठत म्हणाला. "रिव्हर्स दाखवतो. इतकं अवघड न्हाई ते."

सगळं गाव अंगणात उठून उभं राहिलं. शालूबाईंनी फोटोचा हार काढून पुन्हा ट्रॅक्टरला घातला. किसनराव वर चढले. धम्मदीपनं रेकॉर्डर बंद केला, नीट पिशवीत घातला, पिशवी आपल्या मोटरसायकलच्या हँडलला अडकवली आणि आवाज नको म्हणून फोन घेऊन रस्त्यावर गेला.

"मॅडम, बारावं घर झालं," तो म्हणाला. "चौघंही होते. सगळं रेकॉर्ड हाये, एक शब्द सुटला न्हाई. सोमवारी ऐकवतो."

"सांगितलं होतं ना, चौघंही हवेत म्हणून," मॅडम म्हणाल्या. "शाब्बास. मागे कसला आवाज येतोय?"

मागं स्वप्निल हात हलवत होता, "येऊ द्या बाबा, येऊ द्या." शंकरसिंग म्हणत होते डावीकडं घ्या. भिकाबाई म्हणत होती उजवीकडं. उरलेल्या एकसष्ट जणांचंही काही ना काही मत होतं. किसनराव मान वळवून, जीभ दातात धरून, वर्षभरात पहिल्यांदा मागं येत होते.

भिंतीच्या चार बोटं अलीकडं ट्रॅक्टर बरोबर थांबला. मोटरसायकल आणि पिशवी मागच्या चाकाखाली होती. भिंतीला काही झालं नाही.